पिनेवर टेकवलेलं बोट

बोट उचललं की मशीन बहकायचं आणि बोट टेकवलं की शहाण्यासारखं वागायचं. सकाळपासून तिने हे इतक्या वेळा करून पाहिलं होतं की आता मशीनपेक्षा तिला स्वतःच्या बोटाचाच संशय यायला लागला होता. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट, टोकाशी सोल्डरच्या चटक्याची जुनी पांढरी खूण, नख आखूड कापलेलं. अगदी साधं बोट. हिरव्या बोर्डावर जी चिप होती तिच्या एका पिनेवर ते टेकलं की पत्र्यापलीकडे घेवड्याचे दाणे मुकाट्याने पडत राहायचे, आणि काळा किंवा किडका दाणा आला की हवेचा फटका बसून तेवढाच बाजूच्या डब्यात उडायचा. बोट काढलं की चांगल्या पांढऱ्याशुभ्र दाण्यांनाच फटके बसायचे आणि किडके मजेत चांगल्यांच्या डब्यात जाऊन बसायचे. पडणारा दाणा कॅमेऱ्याने बघायचा, चिपने त्याची जागा मोजायची आणि नेमक्या त्या जागेच्या नळीतून हवा सोडायची, एवढंच तर काम. जुनी मशीनं ते बिनबोभाट करत आली होती. या नव्या बोर्डावर मात्र मोजणीत कुठेतरी एकाचे दोन होत होते. मोजायचं उपकरण जोडलं तरी दोष गायब व्हायचा, डॉक्टर दारात दिसल्यावर ताप उतरावा तसा. म्हणजे बघायला गेलं की नाही, आणि पाठ फिरवली की आहेच.

वैताग यायला हवा होता, पण तिला बरं वाटत होतं. असा हट्टी दोष मिळाला की तिला घरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. जगात कितीतरी गोष्टी बिनसतात आणि त्यांना कारणच सापडत नाही. इथे कारण होतं, बोर्डावरच कुठेतरी दडून बसलं होतं, आणि आज ना उद्या ते हाती लागणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. प्रश्नाला उत्तर असतं या एका गोष्टीवर तिचा पिंड पोसला होता. तिची आई म्हणायची, हिला नुसती हाक मारली तरी ही उत्तर घेऊनच येते. कुणी डोकं दुखतंय म्हटलं की हिच्या हातात गोळी. कुणी उशीर झाला म्हटलं की कुठल्या रस्त्याने यायला हवं होतं ते ही सांगणार. आणि बोलताना दोन्ही हात हवेत, जणू उत्तर समोर बांधून दाखवायचं आहे. नवरा जेवताना तिच्यासमोरचा पाण्याचा पेला गुपचूप लांब सरकवून ठेवायचा. लग्न झाल्यापासून ठेवत आला होता.

पण मुलीच्या बाबतीत गेले काही महिने हे चालेनासं झालं होतं, आणि सगळ्या समाधानात तेवढा एक खडा दाताखाली येत होता. मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती आईभोवती गोल गोल फिरत दिवसभराचं सांगायची. आता ती दुसऱ्या गावी औषधशास्त्र शिकत होती. फोन यायचे, पण ते आक्रसत चालले होते. जेवलीस का, जेवले. झोप होते का, होते. ठेवते गं. मुलीची खोली तिने आवरून ठेवली होती. गादी, पडदे, कपडे सगळं मुलीबरोबर गेलं होतं आणि रिकाम्या खोलीत काही बोललं की आपलाच आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. एकदा ती दारात उभी राहून नवऱ्याला काहीतरी सांगत होती आणि तोच आवाज ऐकून दचकली होती. असा आहे का माझा आवाज, असं तिला वाटलं होतं. कडक, घाईचा, वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य काढणारा. ती दार लावून बाहेर आली होती आणि तो विचार तिने तिथेच ठेवला होता.

"मॅडम, ते आले," कारखान्याचे मालक मागून म्हणाले. मालकांचा सदरा पाठीवर ओला झाला होता. धान्याचा एक मोठा व्यापारी मशीन बघायला यायचा होता तो उद्या, असं ठरलं होतं. पण व्यापारी माणूस, या बाजूला काम निघालं म्हणून आजच येऊन दारात उभा राहिला.

"उद्याचं ठरलं होतं."

"ठरलं होतं. पण माणूस दारात आहे. तुम्ही असं करा, मागेच बसा. बोट ठेवा. मी पुढून दाखवतो. थोडा वेळच लागेल."

"हे बरोबर नाही," ती म्हणाली.

"मी कुठे म्हणतो बरोबर आहे. परत पाठवू का त्यांना? तुम्ही सांगा, पाठवतो."

तिच्या तोंडाशी उत्तर होतंच. पण मालकांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की ती मशीन आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत एका उपड्या खोक्यावर जाऊन बसली. पुढून तिची वेणीसुद्धा दिसणार नव्हती. तिने बोट पिनेवर टेकवलं. मशीन सुरू झालं. गुडघे पत्र्याला लागत होते आणि पत्र्याची थरथर हाडांतून वर चढत होती. कोरड्या दाण्यांच्या धुळीचा, जुन्या कोठीसारखा वास येत होता. फटीतून दिव्याच्या उजेडाची एक पट्टी तिच्या मांडीवर पडली होती. पलीकडे मालक आपल्या ठेवणीतल्या आवाजात बोलायला लागले. अशी लबाडी तिने आयुष्यात केली नव्हती, आणि गंमत म्हणजे तिला लहानपणी लपाछपीत कपाटामागे लपल्यावर यायचं तसं हसू येत होतं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. भिंगरी. दिवसाढवळ्या ती कधी फोन करत नसे. तिने उजव्या हाताने तो बंद केला. पुन्हा आला. पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र तिने तो कानाला लावला.

"आई, कामात आहेस ना."

"हं."

"मी नंतर करते."

"अगं, बोल," ती हळूच म्हणाली.

"मी सोमवारी कॉलेजातून नाव काढून घेतेय. फॉर्म आणलाय. तुला न सांगताच करणार होते. मग म्हटलं, सांगावं."

"अगं पण असं कसं तू," असं म्हणताना तिचा डावा हात सवयीने हवेत उठला, आणि पत्र्यापलीकडे फट फट फट करत पांढऱ्या दाण्यांचा एक सडा उडाला. "हे काय झालं?" असा व्यापाऱ्याचा आवाज आला आणि मालक घसा खाकरून कॉम्प्रेसरबद्दल काहीतरी सांगू लागले. तिने घाईघाईने बोट पुन्हा टेकवलं. दाणे शहाणे झाले. सांगण्यासारखं तिच्याकडे किती होतं. दुसरं वर्ष अर्ध्यावर आलंय, कुणी सोडतं का. कुणी सर त्रास देतात का, मी बोलते त्यांच्याशी. तब्येत दाखवलीस का. बाबांना सांगितलंस का. सगळी वाक्यं दारात गर्दी करून उभी होती आणि एकाही वाक्याला हाताशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. तिने प्रयत्न करून पाहिला. ओठ हलले की खांदा हलायचा, खांद्याबरोबर कोपर, कोपराबरोबर बोट. आपला आवाज आणि हात एकाच दोरीने बांधलेले आहेत हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

"आई?"

"हं," ती म्हणाली. तेवढं मात्र हात न हलवता म्हणता येत होतं.

फोनवर भिंगरी पुढचा शब्द शोधत होती. एरवी अशा जागी तिने दोन सल्ले आणि एक गोष्ट भरली असती. आता ती फक्त बसली होती, एक बोट पिनेवर आणि कान फोनला. मग भिंगरीने सुरुवात केली, आधी अडखळत. लॅबमध्ये तिच्या हातून एक मोठं काचेचं उपकरण फुटलं होतं. पावसाळ्यात कधीतरी. कुणी रागावलं नाही. पण सगळे हसले, आणि तिच्या जवळच्या मैत्रिणीने त्या आवाजाची नक्कल केली, आणि नंतर तिला पाहिलं की कुणी ना कुणी तो आवाज काढायचंच. हं. मग तिचे हात थरथरायला लागले. काच हातात घेतली की थरथरायचे. हं. म्हणून ती लॅबला जाईनाशी झाली, एकदा, दोनदा, मग रोजच. त्या वेळात ती बसस्टँडवर जाऊन बसायची. तिथे बरं वाटायचं, कारण तिथे सगळेच वाट बघत बसलेले असतात. हं. एकदा एका बाईने विचारलं, कुठे जायचंय गं, तर तिने घरचं गाव सांगितलं आणि मग त्या बाईला दिसावं म्हणून खरंच त्या बसमध्ये चढली, आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आली.

त्या थांब्यावर उतरणारी आपली मुलगी तिला दिसली, पाठीवर दप्तर, रस्त्याच्या कडेकडेने परत चालणारी. तू पुढेच का आली नाहीस गं, असं तिला ओरडावंसं वाटलं. डोळे भरून आले. तेही पुसता येत नव्हते. एक हात पिनेवर, एक हात फोनवर. पाणी नाकाच्या बाजूने खाली ओठांवर आलं आणि तिने ते तसंच गिळलं. भिंगरी बोलत होती. आता अडखळत नव्हती. कितीतरी लहानसहान गोष्टी निघत होत्या. खोलीत सोबत राहणारी मुलगी दुसरीकडे राहायला गेली, एकटीने जेवायचा कंटाळा येतो, एका सरांचा चष्मा नेहमी वाकडा असतो. आणि मध्येच ती हसलीसुद्धा. शब्द येत होते आणि आत जाऊन बसत होते. एकही परत फिरत नव्हता. आणि तेव्हा, मुलीच्या बोलण्यात पूर्ण बुडालेली असताना, तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला कळलं की हे बोटदेखील पिनेवर काहीच करत नाहीये. ते काही सांगत नाही, ढकलत नाही. नुसतं घेतंय. कॅमेऱ्याकडून येणारा विजेचा ठोका तारेवरून धावत येतो, आणि शेवटी त्याला घेणारं कुणी नसलं की तो रिकाम्या खोलीतल्या आवाजासारखा आपटून माघारी फिरतो, पुन्हा येतो, आणि चिप बिचारी एका ठोक्याचे दोन मोजते. म्हणजे त्या पिनेपाशी घेणारं कुणीच नव्हतं. तिने ते लक्षात ठेवलं आणि पुन्हा मुलीकडे वळली.

"...तर असं आहे," भिंगरी म्हणाली आणि तिने नाक ओढलं. "तू काही म्हणत का नाहीस?"

"ऐकतेय," ती म्हणाली. फार हळू, जेमतेम ओठ हलवून.

"हं," आता भिंगरी म्हणाली. "ठेवते. रात्री करते परत."

फोन खिशात ठेवून तिने वर पाहिलं तर सांदीच्या तोंडाशी व्यापारी उभा होता. पांढऱ्या मिशा, कमरेवर हात. त्याच्यामागे मालक, चेहरा उतरलेला. व्यापाऱ्याने तिच्या बोटाकडे पाहिलं, पिनेकडे पाहिलं, तिच्या ओल्या गालांकडे पाहिलं.

"या बाईंनापण मशीनबरोबर पाठवणार का?" तो मालकांना म्हणाला.

तिला हसू आवरेना. हसताना हात उठला आणि पलीकडे पुन्हा पांढऱ्या दाण्यांचा सडा उडाला, तसा व्यापारीही हसला. त्याला फसवल्याचा राग आला असावा, पण फसवणारी बाई रडत-हसत खोक्यावर बसलेली पाहून तो राग कुठे ठेवावा हे त्याला कळत नसावं. तिने उभं राहून सगळं खरं खरं सांगितलं. दोष आहे, कुठे आहे ते आत्ताच कळल्यासारखं वाटतंय, संध्याकाळपर्यंत खात्री करते. "बोटाशिवाय चाललं तर कळवा," तो म्हणाला. "बोटासकट मला परवडायचं नाही." तो गेल्यावर मालक स्वतः जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आले.

चिपचा प्रोग्राम लिहिणारी मुलगी पलीकडच्या टेबलावर होती. काम करताना सारखं गुणगुणायची म्हणून तिला सगळे गुणगुणी म्हणत. ही चिप अशी की हवी तशी जोडणी आपण प्रोग्रामने आत घडवायची. शिवाय प्रत्येक पिनेने बाहेरच्या तारेशी कसं वागायचं तेही फाइलमध्ये लिहून द्यायचं. ठोक्याच्या तारेच्या टोकाला तो ठोका शोषून घेणारा छोटा रेझिस्टर लागतो, त्याला टर्मिनेशन म्हणतात. जुन्या मशीनमध्ये तो बोर्डावर डाग देऊन बसवलेला असे. नव्या चिपमध्ये तो आतच असतो, फक्त फाइलमध्ये तेवढं सेटिंग करावं लागतं.

"ठोक्याच्या पिनेला टर्मिनेशन काय दिलंयस गं?"

गुणगुणीने पडद्यावर बोट फिरवलं. गुणगुणणं थांबलं. "काहीच नाही. बंद आहे."

"का?"

"बोर्डावर असतो ना ताई रेझिस्टर. दोन-दोन कशाला, म्हणून मी आतला बंद केला."

"बोर्डावरचा मी काढला. चिपमध्ये असतो ना, म्हणून."

"म्हणजे तुम्हाला वाटलं मी बघतेय," गुणगुणी म्हणाली, "आणि मला वाटलं तुम्ही."

गुणगुणीने एक ओळ बदलली. चिपमध्ये प्रोग्राम नव्याने भरला. ती स्वतः मशीनमागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, आणि गुणगुणीने दाणे सोडले. पांढरे दाणे सरळ पडत राहिले. काळा आला, फट, बाजूला. पुन्हा सगळे पांढरे. कुणीही बोट लावलेलं नव्हतं. तिने मालकांना बोलावलं आणि तिघंही काही वेळ नुसतीच दाणे पडताना बघत उभी होती, कारण ते बघायला खरंच फार बरं वाटत होतं. बोटाच्या टोकावर पिनेचा एक बारीक ठसा उमटला होता आणि घरी जाताना ती तो अंगठ्याने चाचपत राहिली. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, आणि तिला प्रत्येक गोष्ट जरा जास्तच स्वच्छ दिसत होती. पण मध्येच तो बसचा थांबा आठवायचा. मशीनमध्ये एक ओळ बदलली. इथे कुठली ओळ बदलायची हे तिला माहीत नव्हतं. सोमवार जवळ आला होता, आणि रात्री फोन आल्यावर समोर पिन नसणार होती. हात मोकळे असणार होते. त्याचीच तिला धास्ती होती.

नवरा खिडकीपाशी कवळी घासत बसला होता. लोकांच्या कवळ्या बनवायचा त्याचा धंदा होता आणि टेबलावर मेणाचा वास आणि कुणाकुणाचे हसरे दात मांडून ठेवलेले असत. तिने त्याला भिंगरीचं सांगितलं. त्याने हातातले दात खाली ठेवले.

"पावसाळ्यापासून?" तो म्हणाला. "मला कसं माहीत नाही? मला वाटायचं ती तुला सगळं सांगते."

"मला वाटायचं तुला."

हे वाक्य आज आपण दुसऱ्यांदा ऐकतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती खुर्चीत बसली. नवऱ्याने उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या बोटांना मेण लागलेलं होतं. "जाऊ या का उद्या तिकडे?" तो म्हणाला. "विचारू या तिला," ती म्हणाली, आणि आपण 'जाऊच या' म्हणालो नाही याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

फोन आला तेव्हा त्यांचं जेवण चाललं होतं. नवऱ्याने सवयीने पाण्याचा पेला लांब सरकवला. तिने फोन मध्ये ठेवला, दोघांना ऐकू येईल असा.

"आई, फॉर्म फाडला नाहीये हं अजून," भिंगरी म्हणाली. "भरलाही नाहीये. उद्या लॅबमध्ये जाऊन नुसती उभी राहून बघणार आहे. काचेला हात नाही लावणार. नुसती उभी."

सांगण्यासारखं किती होतं. आधी सरांना भेट, सकाळी पोटभर खाऊन जा, त्या मैत्रिणीकडे बघूसुद्धा नकोस. तिचा डावा हात टेबलावरून उठायला लागला. तिने बोट टेबलाच्या कडेवर टेकवलं, जिथे लाकडाला एक छोटी खाच होती, आणि दाबून धरलं.

"आणि आई, एक सांगू?" भिंगरीचा आवाज जरा बारीक झाला. "दुपारी तू किती छान बोललीस माझ्याशी. इतकी कधी बोलली नव्हतीस."

नवऱ्याने घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "काय सांगितलंस एवढं तिला?" त्याने ओठांनीच विचारलं. तिने मान हलवली आणि बोट होतं तिथेच ठेवलं.

"हं," ती फोनकडे वाकून म्हणाली. "मग?"